खिडकीतली पाखरं

मैत्रिणींनो, पक्षी पाहायला रानातच जायला हवं, दुर्बीणच हवी, असं काही नाही हं! स्वयंपाकघराची खिडकी पुरते. नवं पाखरू दिसलं की आधी आकार पाहावा: चिमणीएवढं, साळुंकीएवढं की कावळ्याएवढं? मग चोच, शेपूट, रंग. लगेच वहीत टिपावं. मागाहून आठवत नाही. नर-मादीही पुष्कळदा निराळी दिसतात. काळा, तांबड्या डोळ्यांचा कोकीळ नर. तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची ती मादी. आणि ‘कुहू’ गातो तो नरच बरं का!

ओळख नसली की काय होतं, ते माझंच ऐका. पाडव्याच्या साफसफाईत गॅलरीतल्या तारेला जळमटं, वाळकी पानं लोंबताना दिसली. कचरा म्हणून ओढून काढली. आत दोन इवलीशी अंडी! ते शिंजिराचं घरटं होतं. चिमणीहून लहान, बाकदार चोचीचं, पिवळ्या पोटाचं हे पाखरू. घरटं मादीच बांधते. फार चुटपुट लागली.

तेव्हा असा ‘कचरा’ दिसला तर आधी लांबूनच पाहा. बाजूला भोक आणि त्यावर छोटी पडवी असली, तर हात लावू नका. कपडे महिनाभर दुसरीकडे वाळतील.