मूळ रूपाचे सोवळे

जुन्या मोटारींच्या बाबतीत अलीकडे आपल्याकडे एक नवे सोवळे निर्माण झाले आहे. गाडी चाळीस वर्षांची असो वा साठ, ती कारखान्यातून ज्या रूपाने बाहेर पडली त्याच रूपाने राहिली पाहिजे. तिचे इंजिन बदलणे म्हणजे तिला बाटवणे होय, असे या सोवळ्याचे मुख्य सूत्र आहे. हौशी संग्राहक ते रसिकतेच्या नावाने सांगतात आणि सरकार तेच कायद्याच्या नावाने अमलात आणते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या ज्या पट्ट्यात फिटर, टर्नर आणि ड्राफ्ट्समन यांची घरेच्या घरे नांदत आहेत, तेथे तरी या सूत्राची छाननी होणे अवश्य आहे. घरच्या पडवीत जुन्या स्पोर्ट्स गाडीला दुसरे इंजिन बसवणाऱ्या माणसाची परीक्षा घ्यावी, त्याला गुन्हेगार ठरवू नये, हे आमचे म्हणणे आहे.

प्रथम रसिकांचा पक्ष घेऊ. इंजिन हा गाडीचा आत्मा. तो काढला की उरते ते केवळ कलेवर, असे ते म्हणतात. हे वाक्य कानाला गोड लागते, परंतु मोटारींचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. 1962 साली कॅरॉल शेल्बी या अमेरिकन गृहस्थाने ‘ए.सी. एस’ या नाजूक इंग्रज गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले. त्यातून जन्मलेल्या ‘कोब्रा’पुढे आज हेच रसिक हात जोडून उभे राहतात. ‘एम.जी.बी.’ची कथा याहून बोधप्रद आहे. केन कॉस्टेलो नावाच्या शर्यतपटूने आपल्या लहानशा वर्कशॉपात या गाडीला रोव्हरचे साडेतीन लिटरचे इंजिन बसवण्यास आरंभ केला. ते ॲल्युमिनियमचे असल्यामुळे मूळच्या बिडाच्या इंजिनाहून फारसे जड नव्हते, ही त्यातली मख्खी. 1973 साली खुद्द कारखान्यानेच तशी गाडी विक्रीस काढली. म्हणजे ज्याला बाट म्हणावे, तोच पुढे संप्रदाय झाला.

आपल्या घरची उदाहरणे काय सांगतात? ज्या प्रीमिअर कंपनीचा कारखाना पुढे चिंचवडास होता, तिने 1985 साली ‘118 एन.ई.’ ही गाडी काढली. तिचे अंग फियाटचे आणि इंजिन निस्सानचे. अँबॅसेडरला उतारवयात इसुझूचे इंजिन लाभले. महिंद्रांच्या जीपमध्ये प्यूजोचे डिझेल इंजिन कित्येक वर्षे घुमत होते. गोव्यात बनलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी तर जन्मतःच रेनॉच्या सुमारे 1.2 लिटरच्या उसन्या इंजिनावर चालली. आता त्या इंजिनाचा एखादा भाग मिळेनासा झाला, तर मालकाने करावे काय? आत्मा अमर आहे असे म्हणत गाडी पत्र्याच्या शेडखाली गंजू द्यावी? पेशव्यांच्या काळचा वाडा आजोबांनी वीज घेऊन राहता ठेवला, म्हणून तो भ्रष्ट झाला असे कोणी म्हणत नाही. ज्या वाड्यात विजेला मज्जाव झाला आणि म्हणून माणसे राहीनाशी झाली, त्याच्या भिंतींत आज पिंपळ उगवले आहेत.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ज्या गाडीच्या जोडीला दुसरी उरलेली नाही, जी स्वतःच इतिहासाचे साधन आहे, तिला हात लावू नये. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी ‘व्ही.ए.’ ही वेगळी नोंदणी ठेवली आणि चासिस, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट घातली, ती त्या वर्गापुरती योग्यच आहे. परंतु संग्रहालयाचा नियम रस्त्यावरच्या साऱ्या जुन्या गाड्यांना लावणे हा न्याय नव्हे.

आता कायद्याचा पक्ष. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते की, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ पक्का केला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. गंमत अशी की, तेच कलम मान्यताप्राप्त संच वापरून गाडी गॅसवर वा बॅटरीवर नेण्यास वाट देते. म्हणजे पेट्रोलचे इंजिन समूळ उपटून तेथे विजेची मोटर बसवण्याचा मार्ग कायद्याने आखून दिलेला आहे. पण कार्ब्युरेटरचे धुरकट इंजिन काढून त्या जागी कमी धूर सोडणारे नवे पेट्रोल इंजिन बसवू म्हणणाऱ्या सामान्य मालकाला तसा मार्ग नाही. यामागचे तर्कशास्त्र आम्हांस तरी उमगत नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. चेनपुलीने इंजिन उचलून खाली सोडले की काम झाले, अशी समजूत असणाऱ्याने या वाटेस जाऊच नये. ताशी 80 किलोमीटरऐवजी 120 ने धावणारी गाडी थांबवताना ब्रेकांना सव्वादोन पट ऊर्जा गिळावी लागते; जुने ब्रेक तिथे हात टेकतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब एक बारच्या चौथ्या हिश्श्याइतका, तर इंजेक्शनच्या इंजिनात तो सुमारे तीन बार. जुनीच रबरी नळी ठेवली तर ती फुटून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडते आणि गाडी पेटते. इंजिन जड झाले की पुढच्या स्प्रिंगा बसतात, वळणावर गाडी ऐकेनाशी होते. रेडिएटर, वायरिंग, गिअरबॉक्सचा जोड, प्रोपेलर शाफ्टची लांबी, सारेच नव्याने मोजावे लागते. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच बंदी चुकीची आहे. कारण बंदीने इंजिन बदलणे थांबत नाही, फक्त तपासणी थांबते. मेटॅडोरचे डिझेल इंजिन पोटात घेऊन फिरणाऱ्या अँबॅसेडर आपल्या देशाने काय थोड्या पाहिल्या? चोरून केलेल्या कामात नळी कोणी पाहत नाही आणि ब्रेक कोणी मोजत नाही.

इतर देशांनी यातून वाट काढली आहे. जर्मनीत अधिकृत तज्ज्ञ एकेक गाडी तपासतो आणि पसंत पडल्यास बदल तिच्या कागदपत्रांत नोंदला जातो. ब्रिटनमध्ये फेरफार केलेल्या गाडीची ओळख टिकली की नाही हे ठरवण्यासाठी पुष्कळ वर्षे जी गुणपद्धती चालली, तीत चासिसला 5 गुण होते, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2, आणि इंजिनाला अवघा 1! आत्म्याची ही किंमत आमच्या संग्राहकांनी ध्यानात घ्यावी.

आपल्याकडे परीक्षकांची वाण आहे असेही नाही. भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. 1966 साली स्थापन झालेली ‘ए.आर.ए.आय.’ कोथरूडच्या टेकडीवर आहे आणि तिचे केंद्र चाकणलाही आहे. हजारोंनी निघणाऱ्या गाड्यांचा नमुना ज्या संस्था तपासतात, त्यांना पडवीतली एक गाडी तपासणे अवघड नाही. 52 व्या कलमातच विशिष्ट कारणासाठी सूट देण्याचा आणि फेरफाराच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. तेव्हा नवा कायदाही नको. एकेका गाडीची शुल्क घेऊन तपासणी करावी. ब्रेक, इंधनमार्ग, धूर, वजन यांचे मोजमाप व्हावे. उत्तीर्ण झालेल्या गाडीच्या नोंदणीपत्रात नव्या इंजिनाचा क्रमांक चढावा, नापास झालेली रस्त्यावर येऊ नये.

यात केवळ चार हौशी लोकांच्या करमणुकीचा प्रश्न असता, तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. या पट्ट्यातला कामगार आयुष्यभर एकच भाग करतो. दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगबरहुकूम, मिलिमीटरच्या शतांशापर्यंत बिनचूक. ते कौशल्य मोठेच आहे. परंतु संपूर्ण यंत्र एकाच माणसाच्या डोक्यात आणि हातात खेळण्याची संधी त्याला कारखान्यात क्वचित मिळते. ती मिळते रविवारी, घरच्या अंगणात, मुलाला स्पॅनर धरायला लावून जुन्या गाडीला नवे इंजिन जुळवताना. जगाच्या गाड्या आमच्या दारात तयार होतात याचा आपण अभिमान बाळगतो. त्याच गाड्या तयार करणाऱ्या हातांनी स्वतःच्या बुद्धीने स्वतःची एक गाडी उभी केली की आपण त्यांना दंडाची पावती देतो. हे दैन्य आपण आणखी किती दिवस शिस्त म्हणून मिरवणार आहोत?