फेनरिरची बेडी आणि टीरचा हात

१/८ २०२२ साली आलेल्या ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ या खेळाच्या आरंभीच एक आजारी लांडगा आपल्या किशोरवयीन धन्याच्या, अट्रेयसच्या, सहवासात प्राण सोडतो. त्याचे नाव फेनरिर. प्रसंग हृद्य आहे. परंतु या लांडग्याच्या नॉर्स कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट खेळातून निसटली आहे. (खेळ पूर्ण न केलेल्यांनी सहावा भाग जपून वाचावा.)

२/८ ही कथा सविस्तर सांगितली ती आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने, सुमारे १२२० मध्ये, आपल्या ‘गद्य एड्डा’त. फेनरिर हा लोकीचा पुत्र. देवांनी त्याला आपल्याच घरी वाढवले. मात्र त्याला अन्न भरवण्याचे धाडस एकट्या टीरमध्ये होते. लांडगा झपाट्याने वाढू लागला आणि तो देवांचा घात करणार, असे भाकीत होते.

३/८ देवांनी त्याला दोन वेळा बेड्या घातल्या. दोन्ही त्याने तोडल्या. मग त्यांनी खुज्या कारागिरांकडून ‘ग्लाइपनिर’ घडवून घेतली. तिचे घटक असे: मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. दिसायला ती रेशमी फितीसारखी मऊ होती.

४/८ लांडग्याला संशय आला. बेडी तुटली नाही तर सोडवू, या वचनाला जामीन म्हणून एखाद्या देवाने आपला हात माझ्या जबड्यात ठेवावा, अशी अट त्याने घातली. पुढे झाला तो टीरच. बेडी तुटली नाही आणि देवांनी वचनही पाळले नाही. सारे देव हसले. हसला नाही तो फक्त टीर. त्याचा उजवा हात गेला होता.

५/८ कथेचा गाभा इथे आहे. स्नोरीच्या कथनात तोवर फेनरिरने केलेला एकही अपराध नोंदलेला नाही. त्याला बांधले ते भयापोटी, तेही असत्याच्या आधारे. पुढे रॅग्नारॉकच्या वेळी तो सुटतो आणि ओडिनला गिळतो. टीरचा तुटलेला हात म्हणजे देवांच्या असत्याची कायमची साक्ष.

६/८ खेळात फेनरिरचा आत्मा अखेर गार्म या महाकाय श्वानाच्या देहात जातो. हे निराधार नाही. गार्म आणि फेनरिर मुळात एकच असावेत, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. पण खेळातील टीरचे दोन्ही हात शाबूत आहेत. म्हणजे तो विश्वासघात इथे घडलेलाच नाही. लांडग्याला माया लाभली. देवांचा दोष मात्र पुसला गेला.

७/८ यावर आक्षेप येईल: ‘मूळ’ कथा तरी कोणती? आक्षेप रास्त आहे. आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोन शतकांनी लिहिणारा स्नोरी स्वतः ख्रिस्तीच होता. इंग्लंडमधील गॉस्फर्थच्या दहाव्या शतकातील क्रुसावर एक आकृती श्वापदाचा जबडा फाडताना दिसते. फेनरिरला मारणारा ओडिनपुत्र विदार तो हाच, असे सामान्यतः मानले जाते. ख्रिस्ती क्रुसावर नॉर्स देव! कथा सदैव नव्याने घडत आल्या आहेत.

८/८ म्हणून खेळाने कथा बदलली, हा दोष नव्हे. प्रत्येक पुनर्कथनाला एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा: यातून काय वगळले गेले आणि त्यामुळे कोण दोषमुक्त झाले? फेनरिरच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. लांडग्यासाठी हळहळताना टीरच्या मनगटाकडेही पाहावे.