आटे गेले, हेड वाचलं

काटोल सोडून नरखेडच्या रस्त्याला लागले आणि बाबांची जुनी शंभर सीसी चक्क बुलेटसारखी ओरडायला लागली. सायलेन्सर हेडपासून सुटला होता! गुन्हेगार मीच. निघण्याआधी 'अजून थोडा' म्हणत नटवर पाना चढवला होता. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, स्टड स्टीलचा. जोर जास्त झाला की हेडमधले मऊ आटे स्टडसोबतच बाहेर येतात. सहा एमएमच्या स्टडला दहाएक न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे बॉस, मनगटाचा जोर, खांद्याचा नाही.

शहरात "मॅडम, हेडच बदला" ऐकून मी निमूट एटीएम गाठलं असतं. नरखेडचे मेकॅनिक काका हसले.

"हेड काहून बदलवायचं, पोरी? कॉइल टाकून देतो ना."

एक्झॉस्टच्या तोंडात चिंधी कोंबली. ड्रिलला ग्रीस, चुरा त्यालाच चिकटावा म्हणून. भोक जरा मोठं, पण अगदी सरळ (इथे हात वाकडा गेला तर खरंच नवं हेड). मग खास टॅप, आणि त्या आट्यांत स्टीलच्या तारेची इवलीशी स्प्रिंग फिरवून बसवली. खालचं शेपूट तोडलं की काम फत्ते. आता आटे स्टीलचे, आधीपेक्षा पक्के!

शेवटचा नट मी हट्टाने स्वतः आवळला. काका डोक्यावर उभे.

"बस... अवं, बस म्हटलं ना!"