राउटरआधी भिंत बघा

पुण्याच्या कसबा पेठेतल्या वाचकांचा प्रश्न बहुतेक वेळा सारखाच असतो. पुढच्या खोलीत नेट छान चालतं, मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो. मग नवा राउटर घेऊ की मेश, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेले डबे? दुकानात उत्तर तयार असतं: जास्त अँटेनांचा आणि खोक्यावर मोठा आकडा छापलेला डबा. माझं उत्तर वेगळं आहे. या पेठेत पैसे आधी वायरवर घाला, डब्याचं नंतर बघू.

याला कारण इथल्या भिंती. जुन्या वाड्याचं जोतं दगडी, वर लाकडी सांगाडा आणि वीटमातीची दीड-दोन फुटी भिंत. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अशा एखाद्या भिंतीतून कशाबशा पलीकडे जातात. 5 गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण त्या लहरी भिंतीतच बऱ्याचशा विरून जातात. पावसाळ्यात मातीची भिंत ओल धरते आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त लहरी शोषते, म्हणून मे महिन्यात बरं चाललेलं नेट ऑगस्टमध्ये रडतखडत चालू शकतं. वाडा पाडून इमारत झाली की मातीची जागा काँक्रीट आणि सळ्या घेतात. मग एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर सिग्नल नेणं आणखी कठीण होतं. तांबट आळीत खाली कामाची जागा आणि वर बिऱ्हाड अशी घरं आहेत. मठारकामासाठी आणलेले तांब्याचे पत्रे, घडवलेली घंगाळं आणि बंब तिथं ठेवलेले असतात. धातूवर लहर आपटून परत फिरते, आरपार जात नाही. त्या पत्र्यांमागच्या फळीवर राउटर ठेवला, तर त्याची किंमत कितीही असो, माडीवर त्याचा उपयोग नाही.

अँटेना वाढल्या म्हणजे पल्ला वाढला, हा समजही सोडायला हवा. वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं. राउटर मोठ्यानं ओरडला आणि मोबाइलला ते ऐकू गेलं, तरी मोबाइलचा बारीक आवाज दोन भिंती ओलांडून परत पोहोचला पाहिजे. तो पोहोचत नाही, म्हणून स्क्रीनवर रेंज दिसत असूनही पान उघडत नाही.

त्यात शेजार दाट. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. एका बोळातली सगळी घरं त्या तिघांत दाटीवाटीनं बसतात. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा बरीच मोकळी आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2018 मध्ये तिथला 605 मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. ज्या भिंतीमुळे तुमचं 5 गिगाहर्ट्झ मागच्या खोलीत जात नाही, त्याच भिंतीमुळे शेजाऱ्याचंही तुमच्याकडे येत नाही. म्हणून इथं चांगला मार्ग असा: राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढायची आणि तिथं दुसरा छोटा वायफाय पॉइंट बसवायचा. कॅट-6 केबल 100 मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग नेते. कसब्यातलं कुठलंही घर त्यात आरामात बसतं.

मेशवाले म्हणतील, वायरीची गरज नाही. गरज नसते हे खरं, पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. स्वस्त, दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये नोड, म्हणजे पुढचा डबा, ज्या रेडिओवर पहिल्या डब्याकडून माहिती घेतो, त्याच रेडिओवर ती तुम्हाला देतो. वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय बहुतेक जण दुसरा नोड जिथं नेट मिळत नाही तिथंच ठेवतात. नोडलाच नीट मिळत नसेल, तर तो पुढे काय देणार? तो मधे ठेवायचा असतो. वाड्यात वायर ओढणं खरंच जमत नसेल, तर चौकाचा फायदा घ्या. चौकाच्या एका बाजूच्या खिडकीत पहिला डबा आणि समोरच्या खिडकीत नोड. मधे फक्त हवा असते आणि भिंती टळतात. तिथं मेश अगदी चोख चालतो.

डब्याची निवड त्यामानानं सोपी आहे. समजा तुमचा प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे. त्यातले 4के टीव्हीला फार तर 25 लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून खूप कमी. हजारोंचे आकडे छापलेला राउटर त्या घरात वाया जातो. दाट वस्तीसाठी वायफाय 6 घ्यावा, तेवढं पुरे. वायफाय 7 ला आज इथं पैसे देऊ नयेत. त्यातलं मोठं आकर्षण 6 गिगाहर्ट्झचं आहे. त्याचा खालचा पट्टा परवानामुक्त करणाऱ्या नियमांचा मसुदा मे 2025 मध्ये निघाला होता, पण पट्टा मोकळा झाला तरी त्या लहरी आपल्या भिंतींपुढे 5 गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर हार मानतात. पोर्ट मात्र तपासा. स्वस्त राउटरचे पोर्ट अजूनही 100 एमबीपीएसचे असतात. प्लॅन त्याहून मोठा असेल तर तिथंच अडतो. फायबर कंपनीनं दिलेला डबा तसाच ठेवून मेश जोडणार असाल, तर त्या डब्याला ब्रिज मोडवर किंवा मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायला सांगा, नाहीतर दोघंही राउटरचं काम करत बसतात. डब्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वीज जाते तेव्हासाठी छोटा यूपीएस घेत असाल, तर तो फायबरच्या डब्यालाही लागतो, एकट्या राउटरला देऊन भागत नाही.

हे सगळं उभ्या घरांबद्दल झालं. मला जास्त काळजी पुढच्या घरांची आहे. पेठेलगतचा शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. 2010 च्या दुरुस्ती कायद्यानुसार अशा संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. त्या 100 मीटरमधले वाडे बहुधा तसेच राहतील आणि तिथल्या रहिवाशांनी वर सांगितलेलं करावं. पण पेठेच्या बाकी भागात वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांच्या बैठकांत चौरस फूट, पार्किंग, लिफ्ट, टाइल्स यांवर तासन्‌तास घासाघीस होते. फायबर कुठून येणार आणि खोल्यांत कसं जाणार, हे कुणी विचारत नाही. मग ताबा मिळाल्यावर तीच केबल जिन्यातून लोंबते, दाराच्या चौकटीला भोक पाडून आत येते आणि डबा दारामागे टांगला जातो, घराच्या सगळ्यात गैरसोयीच्या कोपऱ्यात.

ऑक्टोबर 2024 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकित दर्जा देणारे नियम काढले. बिल्डरवर सक्ती नाही, पण रहिवाशांनी मागणी केली तर त्याला ती डावलणं जड जाईल. मागणी छोटी आहे. जिन्यालगत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फायबरसाठी एक वेगळी नळी, प्रत्येक घरात मध्यभागी एक पॉइंट आणि तिथून प्रत्येक खोलीत रिकामा पाइप, विजेच्या वायरींपासून वेगळा. प्लॅस्टर व्हायच्या आधी याला लागणारा खर्च फ्लॅटच्या किमतीपुढे नगण्य आहे. नंतर भिंत फोडावी लागते. कसब्यात ज्यांच्या वाड्याचा करारनामा अजून सहीला जायचा आहे, त्यांनी ही मागणी त्यात लिहून घ्यावी, तोंडी कबुलीवर समाधान मानू नये.