गुंत्याचे व्याकरण

निगडी प्राधिकरणातल्या पेठांमधून सणाच्या सकाळी हिंडले तर उंबरठ्यांपुढे रेषेविषयीचे दोन वेगळे विचार मांडलेले दिसतात. मराठी घरापुढची ठिपक्यांची रांगोळी बहुधा ठिपक्याला ठिपका जोडत जाते. कारखान्यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या तमिळ घरापुढचे 'सिक्कु कोलम' ठिपक्याला स्पर्शही करीत नाही; त्याला वळसा घालून रेषा पुढे जाते आणि अखेर निघाल्या जागी परत येते. 'सिक्कु' म्हणजे गुंता. नाव अगदी नेमके आहे.

या गुंत्याचे युरोपातले भावंड म्हणजे केल्टिक गाठ. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेल्या, इसवी सन ८००च्या सुमाराच्या 'बुक ऑफ केल्स'ची पाने अशा विणींनी भरलेली आहेत. त्या काढायच्या कशा, हे जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला-शिक्षकाने १९५१ साली पुस्तकरूपाने मांडले. आधी ठिपक्यांची जाळी, मग साधी वेणी, मग काही छेद मोडून रेषा वळवायच्या. एकदा वरून, एकदा खालून हा क्रम धरला की तो शेवटपर्यंत आपोआप जुळतो. कोलमला हे वर-खाली लागत नाही. एरवी रीत जवळपास तीच. दोन्ही परंपरांचा परस्परांशी संबंध होता असे मात्र यावरून मुळीच सिद्ध होत नाही (अशी सिद्धता करण्याचा मोह आपल्याकडे फार लवकर होतो).

रीत हातात आली की काय घडते ते पाहण्यासारखे आहे. तीन ओळी आणि चार रकाने ठिपके मांडून साधी वीण काढली, तर सगळे ठिपके एकाच रेषेत गुंफले जातात. तीन बाय तीन मांडले, की रेषा तीन होतात. चार बाय सहाला दोन. दोन्ही संख्यांचा मसावि जितका, तितक्या रेषा. तीन वेगळ्या रेषा एक करायच्या असतील, तर दोन भिन्न रेषा जिथे एकमेकींना छेदतात असे दोन छेद एकापाठोपाठ मोडावे लागतात. उंबरठ्यावर वाकलेल्या बाईला मसावि हा शब्द ठाऊक असेल वा नसेल, कुठे वळायचे हे तिच्या बोटांना कळते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट शिरोमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली कोलमचे औपचारिक व्याकरण मांडले, तेव्हा ते या बोटांच्या ज्ञानाकडेच पाहत होते.

मराठी वाङ्मयाच्या अध्यापनाला यातून काही घेण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. आपण वर्गात वृत्ते 'ओळखायला' शिकवतो. विद्यार्थी लघु-गुरूंच्या खुणा करतो, गण पाडतो, नाव लिहितो आणि गुण मिळवतो. चार 'य' गणांचा भुजंगप्रयात त्याला ओळखता येतो; त्यात एक ओळ रचण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही. हे पुस्तकातला पूर्ण नमुना पाहून रांगोळी गिरवण्यासारखे, किंबहुना बाजारातला छाप उमटवण्यासारखे झाले. छापाने आकृती हुबेहूब येते, पण रेषा कुठे अडली असती आणि कशी सुटली असती, हे छापणाऱ्याला कधीच कळत नाही.

मोरोपंतांची (१७२९–१७९४) १०८ रामायणे आपण कारागिरी म्हणून निकालात काढतो, त्यामागेही हेच कारण असावे. ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले 'निरोष्ठ रामायण' हा खटाटोप वाटतो तो वाचणाऱ्याला. प, फ, ब, भ, म वगळून रामकथेतले एक वाक्य तरी लिहू पाहावे! 'राम' हा शब्दच हाताशी उरत नाही. मग रघुनंदन, दाशरथी, राघव अशी नावे चाचपावी लागतात. त्यातले 'राघव'ही काटेकोर नियमाने संशयित ठरते, कारण 'व' दंतोष्ठ्य. 'रघुनंदन'मधला उकारही ओठांवरचाच. उरतो 'दाशरथी'. हा शोध घेतल्यानंतर पंतांविषयीचा अभिप्राय कदाचित बदलणार नाही, ते नीरसच वाटतील. पण तो अभिप्राय निदान स्वतःचा असेल.

पदव्युत्तर वर्गात एका तासापुरते फळ्यावर तीन बाय तीन ठिपके काढावेत आणि सगळ्यांना सामावणारी एकच अखंड रेषा मागावी. दुसऱ्या तासाला भुजंगप्रयातातल्या चार ओळी मागाव्यात, विषय कोणताही चालेल. परीक्षेत त्यांना गुण नसावेत.