खत बाईच्या हातात, प्रशिक्षण पुरुषाला

गेल्या आषाढात आमच्या तालुक्यातल्या एका गावी ‘खतांचा संतुलित वापर’ या विषयावर शेतकरी प्रशिक्षण झालं. सभागृहात चाळीसेक पुरुष होते. बायका दोनच. एक मी, दुसरी चहा घेऊन आलेली.

सांगितलं ते सगळं बरोबर होतं. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा. वरून फेकू नये, जमिनीत ओल असताना झाडाजवळ मातीआड करावा. नत्र जास्त झालं की कपाशी नुसती माजते, पानं लुसलुशीत होतात, मावा-तुडतुडे येतात आणि फवारणीचा खर्च वाढतो. उरलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतं. ते पाणी तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

मी उभं राहून विचारलं, “साहेब, खत टाकणाऱ्या बायकांना का नाही बोलावलं?”

“ताई, निमंत्रण खातेदारांना असतं.”

दुसऱ्या दिवशी मी शिवारात गेले. सात बायका कपाशीला खत देत होत्या. लुगड्याच्या ओट्यात युरिया, झाडागणिक एक चिमूट. किती टाकायचं हे कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. एक मावशी म्हणाल्या, “मालक म्हणला दोन गोण्या संपवा. चिमूट बारीक झाली तर गोणी उरते, मोठी झाली तर तासं उरतात. दोन्हीकडून बोलणी आपल्यालाच.” आदल्या दिवशीच्या प्रशिक्षणाची त्यांना खबरही नव्हती.

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात मला ‘लाभार्थी निवड’ शिकवली होती. निवडीची यादीच जर सातबाऱ्यावरून होत असेल, तर बाई त्या यादीत येणार कशी? २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शंभर वहितीधारकांत बायका जेमतेम चौदा. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. ती पत्रिका घरात येते, पत्र्याच्या पेटीत जाते. पत्रिकेतले किलो आणि बाईच्या हातातली चिमूट यांची गाठ कोण घालणार?

शेतकरी अडाणी आहे म्हणून युरिया ओततो, हेही मला मान्य नाही. २०१० पासून स्फुरद-पालाशची खतं महागली, युरियाचा भाव मात्र सरकारने बांधूनच ठेवला. ४५ किलोची गोणी तीनशे रुपयांच्या आत मिळते. स्वस्त तेच जास्त पडणार. हा दोष धोरणाचा आहे आणि उपदेश मात्र शेतकऱ्याला.

आता उपायाकडे पाहू. रासायनिक खत कमी करा, शेणखत घाला, जीवामृत करा. जरूर करा! पण शेण गोळा कोण करणार? दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन दोनशे लिटर पाण्यात कालवून रोज ढवळणार कोण? त्याच शेणाच्या गोवऱ्यांवर तिची चूल पेटते. सिलिंडर भरायला पैसे नसतील आणि शेणही शेतात गेलं, तर ती सरपणासाठी आणखी लांब चालणार. खत हप्त्यांनी द्यायचं म्हणजे एका दिवसाचं काम तीन दिवसांचं. मजूर बाईला त्याची मजुरी तरी मिळेल. घरच्या बाईच्या तीन दिवसांची नोंद कुठे होते? खताचा वाचलेला पैसा घरधन्याच्या खिशात आणि वाढलेलं काम बायकोच्या कमरेवर, अशी ही बचत आहे.

आणि मैत्रिणींनो, आपणही यातून सुटत नाही. दारू, मारहाण, रेशन यावर आपण मोर्चे काढले. पण खत-बियाण्यांचा प्रश्न ‘शेतकऱ्यांचा’ म्हणून सोडून दिला. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात हजारो शेतकरी बायका जमल्या. पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगाव बायकांच्या नावावर जमिनी करून देण्यात आल्या. त्या धाग्याचं पुढे काय झालं, हे आपण विचारत नाही.

म्हणून येत्या खरिपाआधी प्रत्येक गटाने पाच मागण्या लेखी द्याव्यात. प्रशिक्षणाची यादी सातबाऱ्यावरून नव्हे, शेतात राबणाऱ्या हातांवरून करा. मजूर बायकांनाही बोलवा आणि त्या दिवसाची मजुरी द्या. प्रशिक्षण सभागृहात नको, बांधावर घ्या, बायकांच्या वेळेला. माती परीक्षणाचा निकाल किलोत नको, एका तासाला किती वाट्या, असा सांगा. आणि शेणखत, जीवामृताच्या प्रत्येक योजनेत बाईच्या श्रमाचा मोबदला धरा.

मावशींना मी मातीआड करण्याचं सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “मग कोळप्याच्या पुढं टाकू, म्हणजे आपोआप बुजंल.” सभागृहात हे कुणालाच सुचलं नव्हतं. ज्यांच्या हातात खत आहे त्यांना अक्कलही आहे. त्यांना विचारणारं मात्र कुणी नाही.