विमान एकाचे, धावपट्टी सर्वांची

खासगी विमान ही ज्याची त्याची बाब आहे. आपल्या पैशाने कोणी बैलगाडी ठेवावी, कोणी विमान, इतरांनी त्यात नाक खुपसू नये, असा युक्तिवाद आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील सुशिक्षित मंडळीही आता करू लागली आहेत. कोळसा, सिमेंट, कागद आणि अलीकडे सुरजागडचे लोहखनिज यांमुळे या जंगलपट्ट्यात पैशाची ये-जा वाढली आणि पैशामागोमाग विमानाची भाषाही आली. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, हे आकडेमोड करूनच सांगितले पाहिजे. कारण नुसत्या उपदेशाने धनवान बदलल्याची उदाहरणे शुभवर्तमानातही विरळाच आहेत.

येथे प्रश्न अवाढव्य जेट विमानांचा नाही. टर्बोप्रॉप म्हणजे पंख्याचे विमान. मात्र पंखा फिरविणारे यंत्र जेटप्रमाणे टर्बाइनचे. ते आखूड धावपट्टीवर उतरते, म्हणून आडबाजूच्या उद्योगपतीस सोयीचे. अमेरिकन किंग एअर आणि स्वित्झर्लंडचे पिलाटस पीसी-१२ ही त्यांतील नामांकित विमाने. नव्या विमानाची किंमत ६०-७० लाख डॉलरांच्या घरात, म्हणजे ५० कोटी रुपयांच्या पुढे जाते. पण खरेदी ही नुसती सोयरीक झाली. संसार पुढेच आहे. दोन इंजिनांचे किंग एअर तासाला ३५० ते ४०० लिटर इंधन पिते. लिटरला १०० रुपये धरले आणि वर्षाला २०० तास उड्डाण धरले, तर ७०-८० लाख रुपये इंधनातच जळाले. विमान उडो वा न उडो, वैमानिकांचे पगार, विमा, हँगरचे भाडे आणि उड्डाणयोग्यतेच्या तपासण्या चुकत नाहीत. सुमारे ३,६०० तासांनंतर इंजिन संपूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते आणि एकेका इंजिनामागे काही लाख डॉलर मोजावे लागतात. तुकोबांना नेणाऱ्या विमानाला एवढा खर्च असता, तर वैकुंठातही काटकसरीचे परिपत्रक निघाले असते!

आणि इतके करून वाचते काय? नागपूर ते चंद्रपूर रस्त्याने दीडशे किलोमीटर; मोटारीने तीन तास. विमान नागपुरास ठेवायचे, मालकास घेण्यासाठी ते रिकामे यायचे, सोडून पुन्हा रिकामे जायचे. रिकाम्या फेरीस इंधन फारसे कमी लागते असे नव्हे.

मालकाचा पैसा मालकाने जाळला, तुम्हांस काय, असे कोणी विचारील. प्रश्नाचे मर्म येथेच आहे. हा पैसा सर्वस्वी मालकाचा नसतो. विमान कंपनीच्या नावे असेल आणि धंद्यासाठी दाखविले असेल, तर आयकराच्या नियमांनी त्यावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळत आला आहे. ५० कोटींच्या विमानावर पहिल्या पूर्ण वर्षाचा घसारा २० कोटी झाला. कराचा दर २५ टक्के धरला, तर कंपनीचा त्या वर्षीचा कर ५ कोटींनी घटला. इंधन आणि पगार हेही धंद्याचेच खर्च. त्यांतूनही सरकारी तिजोरी आपला चौथा वाटा सोडते. ज्या शेतमजूर बाईने बाजारातल्या अनेक जिनसांवर कर भरला, तिचा हात त्या तिजोरीला लागलेला आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के झाला, हे योग्यच झाले. परंतु अन्य वापराच्या विमानावर तो अवघा ५ टक्के आहे. कागदावर भाड्याचे आणि प्रत्यक्षात घरचे, या मोहापासून सर्वच श्रीमंत मुक्त असतील, अशी आमची श्रद्धा नाही.

शिवाय धावपट्टी कोणाची? चंद्रपूरजवळची मोरव्याची धावपट्टी सार्वजनिक पैशातून झाली. औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्यांमुळे तिचा विस्तार अडला, म्हणून राजुरा तालुक्यात विहीरगाव-मूर्ती येथे नव्या विमानतळाची कल्पना निघाली. तेथे वनजमीन आणि वाघांचा भ्रमणमार्ग आडवा आला. शेजारच्या यवतमाळची धावपट्टी २००९ साली अन्य चार धावपट्ट्यांसह ९५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे दिली गेली. सामान्य यवतमाळकरास त्यातून विमानप्रवास काही लाभला नाही.

आम्ही विमानाचे वैरी नव्हे. जर्मनीचे फादर पॉल शुल्टे यांनी आफ्रिकेत आपला मिशनरी मित्र उपचाराअभावी गमावला आणि १९२७ साली मिशनांना वाहने व विमाने पुरविणारी ‘मिवा’ ही संस्था काढली. १९३८ साली ते स्वतः विमान चालवीत उत्तर ध्रुवाकडील आर्क्टिक बे येथे गेले आणि आजारी धर्मगुरूस घेऊन आले. तसेच गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादकडे सुरू झालेली सेवा पाहा. एटीआर हेही टर्बोप्रॉपच. पण त्यात सत्तरेक माणसे तिकीट काढून बसतात आणि खर्च वाटला जातो. यंत्र एकाच जातीचे. फरक आसनांचा आहे.

आता भामरागडकडे वळावे. गडचिरोलीहून ते सुमारे १८० किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. आतल्या पाड्यांतून बाळंतीण खाटेवर घालून, ओढे ओलांडून आणावी लागते. मतदान पथके मात्र हेलिकॉप्टरने वेळेवर पोहोचतात. लोकशाहीसाठी ते झालेच पाहिजे. पण आभाळातून जाता येते, हे त्यातून सिद्ध झालेच की नाही? टर्बोप्रॉप तेथे उतरणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तेथे हवेत लहान पूल, बारमाही रस्ता, मुक्कामी राहणारी परिचारिका. वर ज्या ५ कोटींचा हिशेब मांडला, ते या कामी लागले असते.

म्हणून वाचकहो, आमची मागणी साधी आहे. मोरव्याच्या धावपट्टीवर वर्षभरात खासगी विमाने किती उतरली, त्यांनी शुल्क किती भरले आणि त्यांतून रुग्ण किती गेले, हे जिल्हा प्रशासनाने फलकावर लावावे. न लावल्यास माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. अर्जाला १० रुपये लागतात.